ढोलीपुढचा पाहुणा

त्या राज्यात खायला पुष्कळ होते आणि राखायला फार थोडे. राज्य म्हणजे एका जुन्या अंजनाच्या झाडाची ढोली. आत मेणाची सात पोळी, पोळ्यांत मध, पराग आणि वाढत्या अळ्या, आणि जायला-यायला बोटभर रुंदीची एक फट. तिथे मधमाश्या राहत. जवळच खडकाच्या कपारीत गांधीलमाश्यांचे घर होते. गांधीलमाशी मध साठवत नाही. ज्यांनी साठवला त्यांच्याकडे जाते. मधाबरोबर ती अळ्याही नेते.

तिची रीत ठरलेली होती. आधी एकटीच येई, फटीशी घुटमळे, आतला वास घेई आणि परत जाऊन तीस जणींना घेऊन येई. पण या ढोलीशी आलेली एकटी सहसा परत जात नसे. तिचे काय होते हे माश्या बाहेर सांगत नसत, आणि जिला कळे ती सांगायला उरत नसे. दर वेळी वस्तीतल्याही आठ-दहा जणी कामी येत. त्या दिवशी कुणी फुलावर जात नसे, आणि दुसऱ्या दिवसापासून कामे पुन्हा सुरू होत.

जांभळाच्या बहरात डोंगरावरून एक अस्वल आले. झाडाखाली पडलेल्या मेलेल्या माश्या पाहून ते हळहळले.

"एका गांधीलमाशीपायी दहा लेकी घालवता?" ते म्हणाले. "हे काय शहाणपण झालं? एकटी आली तर येऊ द्या की. बघेल आणि जाईल बिचारी. घोळका आला तर मी आहेच."

अस्वल खोटे बोलत नव्हते, हे कबूल केले पाहिजे. त्याच आठवड्यात घोळका आला. अस्वलाने पंजा उगारला आणि अर्ध्याहून अधिक गांधीलमाश्या खोडावरच चिरडल्या. वस्तीतली एकही माशी त्या दिवशी मेली नाही. आनंदाच्या भरात माश्यांनी पोळ्याचा एक तुकडा आपण होऊन बाहेर काढून दिला, आणि मग करार झाला. एकट्या गांधीलमाशीला कुणी हात लावायचा नाही. ती दिसली की पाहुण्यांना कळवायचे. पाहुणे म्हणजे अस्वल. चार दिवस राहिला की पाहुणा हा शब्द शिळा होतो, पण दुसरा शब्द उच्चारायची कुणाची तयारी नव्हती.

आता एकटी येई, निवांत पाहून घेई आणि परत जाई. त्यामुळे घोळके वाढले. घोळके वाढले म्हणून पाहुण्यांची गरज वाढली. पाहुण्यांचा पंजा गांधीलमाश्यांना लागे तसा झाडालाही लागे. बोटभर फट आधी मुठीएवढी झाली आणि मग पंजा सहज आत जाईल एवढी. "मोठं दार केव्हाही बरं," अस्वल म्हणाले, "मला आत लक्ष ठेवता येतं." आणि ते लक्ष ठेवू लागले, दिवसातून दोनदा, कोपरापर्यंत.

असली जागा फार दिवस एकाचीच राहत नाही. लवकरच पलीकडच्या पठारावरून एक घार आली आणि शेंड्यावर बसली. तिने माश्यांना सांगितले की खरा धोका गांधीलमाश्यांचा नाहीच, तो खाली बसला आहे आणि केसाळ आहे. अस्वलाने सांगितले की वर बसलेलीचे पोट रिकामे आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते, त्यामुळे माश्यांना निवड करणे अवघड गेले. काही वरच्या झाल्या, काही खालच्या. ज्या नांग्या परक्यासाठी होत्या त्या पहिल्यांदा बहिणींवर चालल्या. या गदारोळात गांधीलमाश्यांनी तिसरे पोळे रिकामे करून नेले, आणि त्यावर अस्वल आणि घार या दोघांनीही तीव्र दुःख व्यक्त केले.

मधमाशी दीड महिना जगते. अस्वल येऊन चार पिढ्या झाल्या. एकट्या गांधीलमाशीचे पूर्वी काय करत, ते जाणणारी एकही आता उरली नव्हती. राणी तेवढी जुनी होती. पण राणी अंडी घालते, दारावर येत नाही. तिला विचारून उपयोग नव्हता.

सोनकीच्या बहरात ती राणीही थकली. माश्यांनी सर्वांत खालच्या पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढे एक राणीघर बांधले. आत पुढची राणी वाढत होती. ती एकच होती, आणि दुसरी वाढवण्याजोगे अंडे वस्तीत नव्हते. ते घर गेले असते तर महिन्या-दीड महिन्यात ढोलीत नुसते मेण उरले असते.

राणीघराला ऊब लागते. रुंदावलेल्या दारातून आता थेट वारा येत असे, म्हणून दाया त्याभोवती अंगाला अंग लावून बसत आणि पंख मिटून नुसते अंग थरथरवत. त्या थरथरण्यातून ऊब निघते. हे कुणाला शिकवावे लागत नाही. या दायांत रानजाई नावाची एक होती. ज्या फुलाचा पराग खाऊन माशी वाढे त्याचे नाव तिला मिळे, अशी तिथली पद्धत. दारावर पहाऱ्याला होती ती सोनकी. आणि वस्तीचा कारभार पाहणारी होती कारवी. हे फूल सात वर्षांतून एकदा फुलते, याचा कारवीला स्वतःचा पराक्रम असल्यासारखा अभिमान होता.

एका दुपारी एकटी गांधीलमाशी आली. सोनकी धावत कारवीकडे गेली.

"एकटीच आहे," सोनकी म्हणाली.

"मग पाहुण्यांना कळव. ठरलंय ना तसं?"

"पाहुणे ओढ्यापलीकडे घारीशी बोलणी करतायत. सकाळी कुणी हात घालायचा आणि दुपारी कुणी, यावर."

"मग बोलणी संपेपर्यंत थांब."

"तोवर ही परत जाईल आणि तीस जणींना घेऊन येईल, कारवीबाई. राणीघर कडेला आहे."

"ते कुठं आहे मला माहीत आहे," कारवी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "पण आपल्याकडून आगळीक झाली आणि पाहुणे रागावून निघून गेले, तर मग आपलं कोण?"

कारवी काही वाईट नव्हती. ती जन्मली तेव्हा अस्वल होते, आणि अस्वलावाचून सकाळ कशी असते हे तिने पाहिलेच नव्हते. पण सोनकीला त्या क्षणी तिची कीव आली नाही. तिला संताप आला, आपल्याच घरात येणारीला अडवायला परवानगी लागते याचा. ती परत फिरली.

तोवर गांधीलमाशी आत शिरली होती. तिला अडवणारे कुणी नाही हे ती जाणून होती. रमतगमत ती पोळ्याच्या कडेने खाली आली आणि दायांच्या पाठीवर पाय देऊन राणीघराशी उभी राहिली. दाया भेदरल्या होत्या, पण एकही हलली नव्हती.

"सोनके," रानजाई हळूच म्हणाली, "ही माझ्या पाठीवर उभी आहे. मी हलले तर घर गार पडेल. काय करू?"

सोनकीला डंख मारता आला असता. पण तसे करणाऱ्या तिघींना तिने दोनच दिवसांपूर्वी मरताना पाहिले होते. गांधीलमाशीच्या पाठीवर डंख चालत नाही. तिने दायांकडे पाहिले. त्या कापत होत्या, भीतीनेही आणि कामानेही, आणि त्यांच्या अंगाची ऊब तिला दोन वीत लांबून जाणवत होती.

"हलू नकोस," ती म्हणाली. "ऊब देत राहा. तिलाही दे."

"हिला?"

"इथं आलेल्या प्रत्येकाचं आपण करतोच की. हिला तरी का उपाशी ठेवायचं? घ्या कुशीत."

असे म्हणून ती स्वतः गांधीलमाशीच्या मानेवर जाऊन बसली आणि पंख मिटून थरथरू लागली. रानजाईने गांधीलमाशीचे पाय धरले. दुसरी आली, दहावी आली. कालपर्यंत एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या वरच्या आणि खालच्या आल्या, कारण तिथे वर-खाली पाहायला जागाच नव्हती. त्यांचा एक गोळा झाला, कडेवरून सुटला आणि घरंगळत ढोलीच्या तळाशी गेला. गांधीलमाशीने आधी दोघींची डोकी तोडली. मग तिचे जबडे मंदावले. गोळ्यावर सगळ्यांत शेवटी कारवी येऊन बसली, आणि तिला कुणी काही विचारले नाही.

गोळा सुटला तेव्हा मधे गांधीलमाशी भाजल्यासारखी पडली होती. डोकी तुटलेल्या त्या दोघी धरून अगदी आतल्या थरातल्या सात जणी उठल्या नाहीत. त्यांत रानजाई होती. सोनकी तिच्यापाशी बराच वेळ बसून राहिली. मग ती उठून राणीघराशी गेली, कारण तिथली एक जागा रिकामी होती.

उन्हे कलल्यावर अस्वल बोलणी आटोपून आले. दारात टाकलेली गांधीलमाशी त्याने हुंगली.

"हे कुणी केलं?"

"आम्ही," सोनकी म्हणाली.

"विचारून?"

"कुणाला?"

अस्वलाने झाडाखाली पडलेल्या माश्या मोजल्या. मग त्याने समजुतीचा सूर लावला. "सात गेल्या ना तुमच्या? मी असतो तर एकही गेली नसती."

"तुम्ही नव्हतात," सोनकी म्हणाली. "आणि असता तेव्हाही आमची पोळी कमीच होतात. आता आला आहात तसे जा. वाट ओळखीची आहे."

अस्वल हसले. लहानांच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, एवढे मोठेपण त्याच्यात होते. रोजच्याप्रमाणे त्याने हात आत घातला, कोपरापर्यंत. एक माशी येऊन त्यावर बसली. तिने डंख मारला नाही. मग दुसरी बसली, मग चाळीस, मग थरावर थर. एकीनेही डंख मारला नाही, आणि अस्वलाला वाटले, आल्या शेवटी समजूत काढायला. अंगाला अंग लावून त्या हलकेच थरथरू लागल्या. सुरुवातीला त्याला बरेही वाटले.

शेंड्यावर परतलेल्या घारीने हे सगळे पाहिले आणि अंधार पडायच्या आत ती पठाराकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वल ओढ्याच्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसले होते. पाण्यावर आलेल्या हरणांना आणि सशांना ते मोठ्या काळजीने बजावत होते, की त्या झाडाकडे सध्या फिरकू नका, तो भाग आता सुरक्षित राहिलेला नाही.