ठेवलेल्या फांदीखाली

"मग सही करताय न्हवं, अण्णा?"

संगमेशने हे तिसऱ्यांदा विचारलं.

रुद्राप्पा अण्णा ओट्यावर बसून दोर तपासत होते. वीतभर दोर बोटांतून सरकवायचा, पीळ उलगडून आत बघायचं, पुन्हा वीतभर. वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलं आणि झाडावर चढणं थांबलं. तरी गडहिंग्लज भागात झाडं छाटणारी निम्मी माणसं अजून आपले दोर अण्णांकडे आणून टाकतात. अण्णांच्या बोटांतून गेलेला दोर कमरेला बांधला की जीव घाबरा होत नाही म्हणतात.

संगमेश हा त्यांचा सगळ्यात हुशार चेला. असं अण्णा कधी म्हणाले नव्हते, संगमेश म्हणायचा.

"कसली सही?"

"मघाशी सांगितलं की. सीएला विचारून कंपनी काढतोय. प्रायव्हेट लिमिटेड. दोन डायरेक्टर लागतात. एक मी, एक तुम्ही. नावबी तुमचंच ठेवतोय. रुद्राप्पा ट्री केअर."

"बायकोला का घेत न्हाईस?"

"तुमचं नाव ऐकून लोक दारातलं झाड हवाली करत्यात, अण्णा. तिचं ऐकून कोण करणार?"

अण्णांनी आणखी वीतभर दोर सरकवला.

"लिमिटेड म्हंजे काय?"

"म्हंजे जबाबदारीला हद्द. उद्या कुठं काय झालं, कुणी दावा लावला, तर जे भरायचं ते कंपनीनं भरायचं. माझ्या घराला हात लागत न्हाई."

"बरं हाय की."

म्हाताऱ्याला पटवायला संगमेशने वाटभर मुद्दे घोकले होते, ते आता नुसते तोंडात राहिले.

"म्हंजे... तुम्हाला पटतंय?"

"न पटायला काय झालं? मी बिनदोराचा चढायचो. लोक म्हणायचे, काय धाडशी गडी. धाडस कसलं, येडेपणा होता. बायकापोरं असणाऱ्यानं दोर बांधावाच."

"तेच म्हणतोय मी."

"सीएनं अजून काय सांगितलं?"

संगमेशने पायातल्या चपलेकडे बघितलं.

"स्वतःच्या हातची चूक असली तर कंपनी मधे येत न्हाई, म्हणाले. आणि मागं झालंय त्याला लागू न्हाई. पण ते..."

"मागं झालंय म्हंजे गिरिजाक्का."

"...हो."

गिरिजाक्का शेजारच्या गावात एकट्या राहतात, जुन्या कपड्यांच्या वाकळा शिवतात. त्यांच्या अंगणातलं जांभूळ घरावर झुकलं होतं. दोन महिन्यांपूर्वी संगमेशने त्याच्या तीन फांद्या उतरवल्या आणि चौथी ठेवली. हिरवी आहे, राहू दे म्हणाला. बाराव्या दिवशी, भर दुपारी, वारा नसताना, ती चौथी फांदी खाली आली. गिरिजाक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. खुबा मोडला.

त्या दिवसापासून संगमेश घाबरलेला होता. घर नुकतंच बांधून झालं होतं, हाताखाली सहा माणसं होती, आणि दारात कुणी कागद घेऊन आलं की तो मागच्या बाजूने सटकायचा. कंपनीची कल्पना त्या भीतीतूनच निघाली होती. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण अण्णांपासून काही लपवायचं म्हणजे अवघड काम.

"भेटलास तिला?"

"माणूस पाठवला होता. फळं दिली."

"तू?"

"वकील म्हणाले, जाऊ नको. गेलास म्हंजे कबूल केलंस."

दोर सरकत राहिला...

"फांद्या उतरवल्यास त्या दिवशी चहा प्यालास तिथं?"

संगमेशचं तोंड उतरलं. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक असावं, म्हणूनच फांदी पडल्यापासून तो या घराकडे फिरकला नव्हता.

"न्हाई. घाई होती."

अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला ही रीत माहीत आहे. काम संपलं की घरचे चहा देतात. तो चहा छाटणाऱ्याने ठेवलेल्या फांद्यांखाली बसून प्यायचा. गप्पा मारायच्या नाहीत, वर बघत प्यायचा. झाडावर असताना माणसाचं लक्ष कापायच्या फांद्यांवर असतं. ठेवलेल्या फांद्या दिसतात त्या खाली बसल्यावर, आणि डोकं आपलंच असलं की जरा जास्त नीट दिसतात. त्या दिवशी संगमेशला एका वसाहतीतल्या मोठ्या कामावर पोचायचं होतं. गिरिजाक्का कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्याची गाडी चालू झाली होती. "राहू दे, अक्का," म्हणून तो निघून गेला.

अण्णांनी दोर बाजूला ठेवला.

"आण तो कागद. पेन हाय?"

संगमेशने लगबगीने दोन्ही दिलं. अण्णा काठी टेकत उठले आणि अंगणाकडे बघत म्हणाले,

"सही करतो. आधी ते सांग. त्या फांदीचं काय करू?"

अण्णांच्या अंगणातही जांभूळ आहे. एक जाड फांदी आडवी पसरून पार पाणी तापवायच्या चुलाण्याच्या दगडापर्यंत गेली आहे. संगमेशने ओट्यावरूनच मान वर केली.

"ठेवा. हिरवी हाय."

"बरं."

अण्णा अंगणात उतरले, सावकाश चालत गेले आणि त्या फांदीच्या बरोबर खाली दगडावर बसले. चष्मा लावला. कागद गुडघ्यावर पसरून सहीची जागा शोधू लागले.

सून नागरत्ना दोन कप चहा घेऊन बाहेर आली. एक तिने सासऱ्यांच्या जवळ ठेवला. दुसरा हातात धरून ती अंगणाच्या मधोमध थांबली.

"दादा, तुम्हाला कुठं देऊ?"

संगमेश उठला नाही.

अण्णांचं पेन कागदावर टेकलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे सही म्हणजे एकेक अक्षराचं काम. वर फांदी, खाली ते पांढरं विरळ डोकं... वारा आला आणि पानं हलली. एवढंसंच हलली, पण संगमेश ओट्याच्या कडेला सरकला.

"अण्णा, जरा इकडं या."

"का?"

"ओट्यावर बसून करा की सही."

"इथं काय झालं? तू ठेव म्हणालास."

"म्हणालो..."

"मग?"

नागरत्ना कप धरून दोघांकडे बघत होती.

"मी नीट बघितली न्हाई, अण्णा."

अण्णांनी मान वर केली नाही. ते पुढचं अक्षर काढत होते.

संगमेश ओट्यावरून उतरला. नागरत्नाच्या हातातला कप घेतला आणि अण्णांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. मग त्याने वर बघितलं.

बुंध्यापासून सुरुवात केली. बेचकं, जिथे फांदी खोडाला मिळते ती जागा, कितीतरी वेळ बघितली. सालीवरून नजर पुढे नेत गेला. मधेच उठला, भिंतीला टेकवलेला कोयता घेतला आणि त्याच्या पाठीने फांदीवर चार ठिकाणी ठोकलं. कान देऊन ऐकलं. पुन्हा येऊन बसला, पुन्हा बघितलं. नागरत्ना आत निघून गेली. चहा गार झाला. गार चहाच त्याने घोट घोट करून संपवला.

"ठेवा," तो म्हणाला. "चांगली हाय."

"हं."

मघाशीही तो हेच म्हणाला होता. पण आता त्याच्या आवाजातला तो कंपनीवाला कुठे गेला होता कोण जाणे.

संगमेशची नजर पुन्हा बेचक्याकडे गेली.

"भेग होती, अण्णा."

"कुठं?"

"गिरिजाक्काच्या जांभळाला. बेचक्यातच. पडल्यावर, अक्का दवाखान्यात असताना, मी जाऊन फांदी उलटून बघितली. जुनी भेग होती, आत काळी पडलेली. खाली बसलो असतो तर दिसली असती. दिसलीच असती." तो हातातला कप फिरवत राहिला. "माझी माणसं म्हणत्यात, झाडाचं काय सांगावं. मीबी तेच सांगतोय सगळ्यांना. भेगेचं कुणाला सांगितलं न्हाई."

"हे मला कशाला सांगतोस?"

संगमेशने डोळे पुसले.

"वकील म्हणाले..."



अण्णांनी कागदाची घडी घातली. सही झाली होती, वाकडी पण पुरी. ती घडी त्यांनी संगमेशच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून हाताने दाबली. मग त्याच्या खांद्याचा आधार घेत उठले, ओट्यावर गेले आणि दोर मांडीवर ओढला.

संगमेश अंगणातच उभा होता. हातात रिकामा कप होता.

"अण्णा... तिला काय म्हणू?"

अण्णांनी वीतभर दोर सरकवला, पीळ उलगडून आत बघितलं.

"तुझा चहा तिकडं राहिलाय."