राक्षसिणीच्या बाळाचं झबलं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर रागावू नका. शब्दही साधेच आहेत, तेवढे चालवून घ्या. गोष्ट मुलांना अंथरुणात ऐकवायची आहे, म्हणून वाचणाऱ्यानं जरा हळू आवाजात वाचावी, म्हणजे झालं.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. सावरवाडी तिचं नाव. आणि डोंगराच्या पलीकडे राहायची एक राक्षसीण. वाईट नव्हती, बरं का. माणसंबिणसं खायची नाही. टोपलीभर रताळी उकडायची, खायची आणि गप पडून राहायची.

मग तिला बाळ झालं. बाळ झालं ते हत्तीएवढं! आणि ते रडायला लागलं. सकाळी रडे, दुपारी रडे, तिन्हीसांजेला तर विचारूच नका. ते रडलं की वाडीतली भांडी फळीवरून खाली यायची. कोंबड्या अंडी घालायचं विसरायच्या. म्हशी पान्हा चोरायच्या. वाडीत कुणाला झोप म्हणून नाही.

मग लोकांनी ठरवलं, आता इथं राहायचं नाही. घरोघरी गाठोडी बांधली. वाडीचा शिंपी तर सगळ्यांच्या आधी गाडी जुंपून निघून गेला.

एकटी येसूआत्या जागची हलेना. येसूआत्या म्हणजे वाडीतली जुनी शिवणारी बाई. डोळ्यांनी आता अंधूक दिसायचं. ती म्हणाली, "परक्या गावात मी ठेचकाळत फिरू होय? इथली भिंत न् भिंत माझ्या हाताला ओळखते. तुम्ही जा. मी बसते इथंच."

हे ऐकलं आणि लिंबाजी आत्याच्या ओट्यावरच बसला.

हा लिंबाजी कोण? चांगला उंचापुरा जवान माणूस, पण लाजाळू इतका, की रस्त्यात कुणी दिसलं की झाडामागे जायचा. त्याचं आपलं असं कुणी नव्हतं. भाकरी खायची आत्याकडे आणि शिवण शिकायची आत्याकडे. नुकताच शिकायला लागला होता. त्यानं पहिली पिशवी शिवली, तर शिवण सगळी बाहेर! शेजारची चंपाकाकी ती पिशवी हातात धरून दारोदार फिरली. म्हणाली, "बघा गं बघा, लिंबाजीच्या पिशवीची आतडी बाहेर आली!" लिंबाजी दिवसभर घराबाहेर पडला नाही.

आत्या म्हणाली, "वेड्या, कापड उलट्या बाजूनं शिवायचं, मग सुलटं करायचं. शिवण जाते पोटात, गुळगुळीत बाजू येते वर. एवढंच तर आहे."

तर आता वाडी निघाली होती, आणि आत्या एकटी मागं राहणार होती. लिंबाजीनं विचारलं, "आत्या, बाळ गप झालं तर कुणी जाणार नाही ना?"

"नाही जाणार. पण ते रडतं कशानं, हे विचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं.

मग लिंबाजी डोंगर चढून गेला आणि एका मोठ्या दगडामागे उभा राहिला. राक्षसीण म्हणाली, "काय रे, चोरासारखा काय उभा राहतोस? काय हवंय?"

"बाळ... का रडतं?"

"उघडं आहे रे ते. वारा झोंबतो. आणि माझी बोटं बघ, मुसळाएवढी. यांच्यात सुई सापडेल का?"

"मी शिवतो झबलं," लिंबाजी म्हणाला. म्हणाला, आणि तसाच धावत डोंगर उतरला.

आत्यानं आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं दिलं. बाळाचं पहिलं झबलं जुन्याचंच करतात ना, म्हणून. लिंबाजीनं शिवलं. पण माप? माप विचारायला तो लाजला होता! मग काय, ते झबलं बाळाच्या पायाच्या अंगठ्यात तेवढं गेलं. बाळ आणखी जोरात रडलं.

आत्या म्हणाली, "लाजून माप मिळत नाही, बाबा. जा, मागून आण."

मग लिंबाजी गेला आणि माप मागितलं. दोरी घेऊन तो बाळाच्या पोटावर चढला आणि माप घेऊन आला. पण एवढं कापड आणायचं कुठून? मऊ जुनं कापड होतं वाडीतच, गाठोड्यांना बांधलेलं. लिंबाजी दारोदार गेला. मान खाली, आवाज एवढासा. "तेवढं गाठोडं सोडता का?"

चंपाकाकी म्हणाली, "आणि माझी भांडी काय डोक्यावर घेऊ?" पण तेवढ्यात बाळ असं रडलं, की तिचा तवाच घरंगळत रस्त्यावर गेला. मग तिनं मुकाट्यानं गाठ सोडली. एकेक करत सगळ्यांनी सोडली. लुगडी, धोतरं, चादरी यांचा ढीग पडला. लिंबाजीनं तुकडे जोडले, दाभणानं शिवले आणि झबलं नेलं. राक्षसिणीनं ते बाळाच्या डोक्यावर धरलं. बघते तर काय, गळाच नाही! डोकं जायचं कुठून?

लिंबाजी लालेलाल झाला. पण या वेळी झाडामागे गेला नाही. तिथंच बसला, कात्रीनं गळा कापला, झबलं मांडीवर घेतलं आणि कडेनं टाके घालत गेला. बारीक, सारखे, आत्यानं शिकवले तसे.

"झालं!" म्हणाला.

राक्षसिणीनं झबलं उचललं. आणि झबल्याबरोबर लिंबाजीही वर गेला! अहो, मांडीवर घेऊन शिवताना त्यानं झबल्याबरोबर आपलं धोतरही शिवून टाकलं होतं! राक्षसिणीला काय कळतंय? तिनं बाळाला झबलं घातलं, आणि लिंबाजी गेला आत. इकडे बाळाचं पोट, तिकडे कापड, मध्ये लिंबाजी.

बाळ किंचाळलं. आणि आत लिंबाजीही किंचाळला. कारण ती जाड शिवण, तुकड्यातुकड्यांची, दोरखंडासारखी त्याच्या गालावर घासत होती. बाळाच्या पोटावरही लाल लाल वळ उठत होते. शिवण पोटात, गुळगुळीत बाजू वर. अगदी बरोबर शिवलेलं झबलं, पण ते बाळाला टोचत होतं!

लिंबाजी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नव्हता. पण आता गळ्याच्या भोकातून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "बाई, थांबा! उलटं करा! शिवण बाहेर राहू दे! आतडी बाहेर!"

राक्षसिणीनं आधी लिंबाजीला अलगद सोडवलं. मग झबलं उलटं करून घातलं. बाळानं एक हुंदका दिला. मग अर्धा दिला. मग मूठ तोंडात घातली आणि झोपलं.

डोंगर गप्प झाला. वाडी गप्प झाली. सगळ्यांना तिथल्या तिथं झोप लागली. कुणाला ओट्यावर, कुणाला गाडीत, चंपाकाकीला तर तव्याजवळच. गाठोड्यांचं कापड झबल्यात गेलेलं, त्यामुळे पुन्हा बांधायला काही उरलं नव्हतं, आणि पुन्हा कुणाला बांधायचंही नव्हतं. येसूआत्या आपल्या भिंतीला पाठ लावून बसली आणि तिनं पसरलेल्या सगळ्या सुया चाचपून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवल्या. पुढे सगळे तिथंच सुखानं राहिले. बाळ मोठं झालं, झबली लहान झाली, आणि लिंबाजी शिवत राहिला.

आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या. डोळे मिटा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, तेवढं डोळे मिटूनच ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी उठला. आत्याच्या सगळ्या सुयांत त्यानं दोरे ओवून ठेवले. मग खुंटीवरची ती पहिली पिशवी काढली, शिवण बाहेर असलेली. खांद्याला अडकवली आणि दोरा आणायला बाजाराला निघाला, भर रस्त्यानं.

चंपाकाकी दारात उभीच होती. "अरे लिंबाजी, आतडी बाहेर!"

"उकडतंय तिला, काकी," लिंबाजी म्हणाला, आणि हसत हसत पुढे गेला.