ठाऊक नसल्याची साक्ष

एकदा एक समुद्रकाठचं यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, नगर होतं. त्यात एक म्हातारा वैद्य राही, त्याचा फिलोन नावाचा शिष्य राही, आणि मिर्तो नावाची एक विधवा तिळामधाच्या वड्या विकून दोन लेकी वाढवी.

एके दिवशी एका बड्या व्यापाऱ्याचा भाऊ तिची वडी खाऊन उठला आणि उंबऱ्यातच कोसळला. गेला. फिलोनला बोलावलं. त्याने प्रेताचे ओठ पाहिले आणि चारचौघांत ऐटीत म्हणाला, "निळे आहेत. विष!" झालं, मिर्तो कोठडीत. गुन्हा शाबीत झाला तर तिला विषाचाच पेला पाजायचा, असा तिथला कायदा.

व्यापाऱ्याला दुःख खरंच होतं. पण त्याच्या दुःखाला धरायला कुणीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो फिलोनला म्हणाला, "हेच उद्या न्यायसभेत सांग. नगरवैद्याची जागा तुझीच समज." तिथे नगरवैद्य लोक हात वर करून निवडत, आणि निम्मे हात या व्यापाऱ्याच्या ऐकण्यातले.

न्यायसभा भरली. बाईला तिथे तोंड उघडायची मुभा नव्हती. मरायचं तिने, बोलायचं मात्र पुरुषांनी! जो बोलायला उभा राही त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं एक मडकं ठेवत. बुडाशी बारीक भोक. पाणी गळून संपलं की बोलणं बंद.

आधी म्हाताऱ्याला उभं केलं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पंचांनी विचारलं, "विष होतं का?"

"मला ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला आणि गप्प उभा राहिला.

पाणी गळतंय. सभा खुसूखुसू हसतेय.

"वैद्यबुवा, डोळा लागला का?" व्यापारी ओरडला. "पाणी चाललंय!"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. शेवटचा थेंब पडला तेव्हा तो खाली उतरला.

फिलोनने त्याला खांबाआड गाठलं. "गुरुजी, आज विद्येची लाज घालवलीत! काहीतरी बोलायचं होतं."

"काहीतरी?" म्हातारा म्हणाला. "पोरा, बुडून मेलेल्याचे ओठ निळे पाहिलेत मी. गारठून मेलेल्याचे पाहिलेत. काळीज बंद पडलेल्याचेही पाहिलेत. हा कशाने गेला, ते मला कळलं नाही. तुलाही नाही. अज्ञानाची लाज नाही रे. अज्ञानाला ज्ञानाचं वस्त्र नेसवून चव्हाट्यावर नाचवलंस, त्याची लाज आहे. ज्याला आपण कुठवर जाणतो हे कळत नाही, त्याच्या हातून सदाचरण कसं घडावं? तो भला असला तरी माणूस मारतो. मडकं भरलं म्हणून बोललंच पाहिजे असं नाही. आता तुझी पाळी. जा."

फिलोन पायऱ्या चढला. तो ठाम आवाजात म्हणाला, "हे विष होतं की नाही, ते मला ठाऊक नाही."

"परवा तर छातीठोक सांगत होतास!" व्यापारी गरजला.

"परवा मला ठाऊक नव्हतं की मला ठाऊक नाही."

"जागा गेली, समजलास?"

"जाऊ द्या. जे मला कळलेलं नाही, ते बोलायला ही जीभ मिळणार नाही. बसा खाली, माझं पाणी अजून संपलेलं नाही!"

आणि तोही गुरूसारखाच ताठ उभा राहिला, एक शब्द न बोलता. या वेळी कुणी हसलं नाही. पंचांनी दोन घड्यांत, एक शिक्षेचा, एक सुटकेचा, आपापले खडे टाकले. सुटकेचा घडा भरला.

नगरवैद्याची जागा दुसऱ्याला मिळाली. फिलोन गुरूच्या ओसरीवर पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला.

मिर्तो घरी आली. संकटात ज्या बड्या घराने तोंड फिरवलं होतं, तिथूनच आता थोरलीला मागणी आली. मिर्तोने दारातच सांगितलं, "माझी लेक तुमच्यासाठी नाही." लेक दिली ती बंदरावरच्या नाव बांधणाऱ्याच्या घरी; कोठडीत मिर्तोला भाकर त्याच घरून जात होती. धाकटीलाही तसंच घर मिळालं. आणि वर्ष फिरलं तेव्हा मिर्तोच्या मांडीवर नात खेळत होती.