तणमोराची उंच उडी

माळाच्या कडेला गळक्या झोपडीत सोनकी आणि तिची आई राहायच्या. आई तापाने निजलेली. म्हणून इवलीशी सोनकी विळा घेऊन एकटीच गवत कापायला आली. भारा विकला, तरच चूल पेटणार होती.

श्रावणाचं सोनेरी ऊन पडलं होतं. एवढ्यात हिरव्यागार गवतातून एक काळाभोर पक्षी टुणकन वर उडाला, "टर्र्र!" ओरडला आणि परत गवतात बुडाला. तो होता तणमोर. डोक्यावर चिमुकले तुरे, पंखांवर चांदीसारखा पांढरा पट्टा.

"दमशील ना रे!" सोनकी म्हणाली.

"काय करू गं ताई? नवरी शोधतोय. उडालो नाही, तर तिला दिसणार कसा?"

"हात्तिच्या! थांब, मी गवतच कापते."

सपासप विळा चालवून सोनकीने त्याच्याभोवती गोल अंगण केलं. भाराही केवढा मोठा झाला!

पण अगं बाई! आता तो कोल्ह्यालाही दिसला की! कोल्हा दबकत दबकत येऊ लागला. तणमोर भीतीने उघड्यावर थिजून उभा.

सोनकीला रडू फुटलं. तोच एक दवबिंदू लखलखला आणि त्यातून बोटभर परी बाहेर आली. झगा निळा, पंख गुलाबी.

"एकच इच्छा माग, राणी. पण दुसऱ्याच्या तोंडचा घास काढायचा नाही हं."

"त्या मेल्या कोल्ह्याला पळवून लाव!"

"नाही गं. त्याचीही पिल्लं घरी वाट बघतात."

सोनकीने भाऱ्याकडे पाहिलं. "मग माझं सगळं गवत परत उभं कर. आम्ही आज पाणी पिऊन निजू."

सळसळ सळसळ! पातं न् पातं उभं राहिलं. तणमोर एकीकडे उडाला, गवतात उतरला आणि आतल्या आत तुरुतुरु पळून भलतीकडेच वर आला! कोल्ह्याने झेप घेतली, तर तोंडात नुसतं गवत! "थू थू!" करत तो ओढ्यावर खेकडे धरायला गेला.

तपकिरी नवरी गवतातून डोकावली. "दिसलास बरं का!" म्हणाली आणि लाजून त्याच्यामागे गेली.

परी हसली. तिने सोनकीच्या विळ्यावर फुंकर घातली. "आता माळाच्या पलीकडे काप. एक मूठ कापलीस, की दोन होतील. आणि घरी जा लवकर, आई उठून बसलीय."

सोनकीने आनंदाने उडीच मारली! परी उन्हात चमचम चमचम करत विरघळली, आणि सगळा माळ क्षणभर गुलाबी झाला.