सरकारांचा हुंकार

“वेशीबाहेरची माणसं यंदापासून कथेला बसणार नाहीत!” कुंभेरच्या भुजंगराव राजांनी दवंडी पिटवली आणि वडारवस्तीतल्या दुर्गव्वाचं डोकंच फिरलं.

सुगी संपली की कुंभेरात सात दिवस कथा चालायची. भर दुपारी सगळं गाव मंडपात गोळा व्हायचं. गोष्ट रंगात आली की सांगणारा मुद्दाम थांबायचा, आणि ऐकणाऱ्यांनी ‘हूं’ म्हटल्याशिवाय एक शब्द पुढे सरकायचा नाही. तिथली रीतच होती तशी. आणि आता म्हणे वडार, कैकाडी, मीठवाले लमाण नकोत! ज्या वडारांनी बांधलेल्या तटाआड राजेसाहेब निर्धास्त घोरायचे, त्यांनाच तटाबाहेर बसवायचं, आणि वर मिशीला पीळ द्यायचा. वा रे वा!

दुर्गव्वा हाताची दगडधूळ न झटकताच दरबारात जाऊन उभी राहिली.

“सरकार, आमचं काय चुकलं?”

राजाने तोंड उघडायच्या आत कथेकरी वामनभट फिस्सकन हसले. “अगं, तुमची बोली निराळी. तुम्हाला कथेतलं काय डोंबल कळतं?”

“हूं म्हणायला कुठली बोली लागते, भटजी?”

दरबारात कुणीतरी खुसकन हसलं. राजाने डोळे वटारले, तसा तो खोकल्याचं सोंग करू लागला.

“फार जीभ चालते का तुझी?” भुजंगराव कडाडले. “मग उद्या तूच गोष्ट सांग! माझ्या अख्ख्या दरबाराने हुंकार दिला, तर तुझी माणसं मंडपात बसतील. एक जरी गप्प राहिला, तर उद्याच पालं उचलायची आणि माझ्या मुलखातून चालतं व्हायचं!” मग ते दरबाराकडे वळले. “आणि उद्या जो हूं म्हणेल, त्याचं वतन खालसा!”

काय ही मर्दुमकी! एका पोरीला हरवायला राजाने सगळ्या दरबाराची तोंडं शिवली. वस्तीवर म्हाताऱ्यांनी त्याच संध्याकाळी गाढवांवर बोचकी चढवायला घेतली. “राहू द्या ती खाली,” दुर्गव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. सरदार, मानकरी, शास्त्री, सगळे ओठ घट्ट मिटून बसले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना गप्प बसायचं काम मिळालं होतं, आणि तेही त्यांना जड जात होतं.

दुर्गव्वाने सुरुवात केली. “सरकार, गोष्ट तुमच्या आजोबांची. तटाचं काम चाललं होतं. आजोबांनी दगडाला कधी बोट लावलं नव्हतं, पण शिकवायची हौस दांडगी! चढले परांचीवर, वडारांना दगड बसवायला शिकवायला. पाय घसरला. कमरेचा शेला बांबूत अडकला आणि स्वारी तीस हात उंचावर उलटी लोंबकळली! पागोटं खाली, पाय वर!”

भुजंगराव पुढे सरकले.

“खाली सगळा दरबार उभा. दरबाराने काय केलं? वाकून मुजरा केला! राजा उलटा का असेना, मुजरा चुकायला नको. इकडे शेला फाटतोय, टर्रर्र! वर भिंतीवर माझी आजी, हातात दोर. ती म्हणाली, ‘राजा, दोर टाकते, पण माझी एक अट आहे.’”

आणि दुर्गव्वा थांबली. तिने चंची सोडली, पान काढलं, निवांत चुना लावू लागली.

मंडप चिडीचूप. राजाची चुळबुळ सुरू झाली. “मग?”

दुर्गव्वाने सुपारी कातरली.

“अगं, अट काय होती?”

“सरकार, मंडपाची रीत ठाऊक आहे ना?”

राजाने ओठ चावला, मांडी बदलली, उपरण्याचा पिळा केला. शेवटी राहवेना. “हूं!”

झालं! वतन जायची भीती होती खरी, पण राजा हूं म्हणत असताना गप्प राहिलेला दरबारी कुणी पाहिलाय? “हूं!” दिवाण ओरडले. “हूं हूं!” सरदार ओरडले. वामनभटांनी तर सगळ्यांच्या वरताण, बेंबीच्या देठापासून हुंकार काढला.

दुर्गव्वाने विडा गालात ठेवला. “अट अशी, की कथेत आम्हा वेशीबाहेरच्यांना कायमची पहिली रांग. आजोबांनी उलटं लटकूनच वचन दिलं.”

“साफ खोटं!” राजा गरजला. “असलं काही घडलंच नव्हतं!”

“नसेलही, सरकार. गोष्ट खरी असेल तर आजोबांचं वचन पाळा. खोटी असेल, तर मी नुसत्या थापेवर अख्ख्या दरबाराचा हुंकार मिळवला, तेव्हा कालचा तुमचा शब्द पाळा. कुठला पाळता?”

भुजंगरावांचं पोट हलायला लागलं, आणि ते इतके खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून दुर्गव्वाच्या हातावर ठेवला, वेशीबाहेरच्यांना सातांतले तीन दिवस गोष्टी सांगायला तोडून दिले, आणि डोळे पुसत पहिल्या रांगेकडे बघून ओरडले, “वामनभट, उठा! मागे जाऊन बसा!”