घड्याळजी आणि सहा ओळींचा कागद

एका खाडीकाठच्या गावात एक घड्याळजी राहत होता. त्याचं नाव सहदेव. हात इतका हलका की मनगटावरच्या घड्याळातला डोळ्यांना न दिसणारा स्क्रू तो चिमट्याने उचलायचा आणि नेमका जागेवर बसवायचा. गावात त्याला मान होता. खोड एकच होती. तो कधी कुणाला काही विचारत नसे. गिऱ्हाईक घड्याळ पुढे करून "त्याचं काय झालं माहितीय का..." म्हणू लागलं की सहदेव हात वर करायचा.

"तुम्ही नका सांगू. उघडलं की घड्याळच सांगेल."

आणि घड्याळ खरंच सांगायचं. त्यामुळे त्याची अशी समजूत झाली होती की जगातली कुठलीही गोष्ट उघडून बघितली की कळते. विचारायला लागतं ते फक्त बावळटांना.

त्याच्या दुकानासमोर इनास मास्तरांचं घर होतं. मास्तर गिटार शिकवायचे. गावातल्या लग्नांत, चर्चच्या सणात त्यांच्याच गिटारीवर लोक डोलायचे. मास्तरांनी स्वतः कितीतरी चाली बांधल्या होत्या. तरुणपणी बोटीवर नोकरी करताना एका सोबत्याने त्यांना चाली कागदावर उतरवायला शिकवलं होतं. तेव्हापासून चाल सुचली की मास्तर ती लिहून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. ते कागद त्यांच्यापुरतेच होते. मुलांना मात्र ते समोर बसवून, बोट धरून शिकवायचे. त्यामुळे गावात तसा कागद कुणी पाहिलाच नव्हता.

एके दिवशी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला आणि आवाज घोगरा झाला. गाता येईना, वाजवता येईना. तरी मुलं यायची. मास्तर खुर्चीत बसून उजव्या हाताने खुणा करायचे आणि मुलं वाजवायची.

सहदेव रोज त्यांच्याजवळ जाऊन बसायचा. एकदा मास्तर म्हणाले, "सहदेवा, अंथरुणात पडल्या पडल्या मला एक चाल सुचली रे. आजवर बांधली त्यात सगळ्यात चांगली. लिहून काढलीय. पण मी ती ऐकलेली नाही. मरायच्या आत एकदा कानांनी ऐकायचीय."

"मग मुलांना सांगा की."

"मुलं माझी बोटं बघून शिकतात. आता बोटंच चालत नाहीत. तुझा हात बारीक कामाला सरावलेला आहे आणि तुझ्याकडे चिकाटी आहे. तू वाजव."

सहदेवाने आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. पण मित्राचं बोलणं ऐकून त्याचे डोळे भरून आले. तो हो म्हणाला. मास्तरांनी आपली गिटार, तारा जुळवून, त्याच्या हवाली केली आणि वर तो कागद ठेवला.

कागदावर सहा आडव्या ओळी होत्या आणि ओळींवर आकडे. गिटार वाजवणारे या लिखाणाला टॅब म्हणतात. सूर-तालाचं शास्त्र न शिकलेल्यालाही त्यावरून वाजवता येतं, म्हणून नवशिक्याला ते बरं पडतं.

"बस जरा," मास्तर म्हणाले, "हा कागद कसा बघायचा ते दाखवतो."

सहदेव हसला. "कागद बघायला शिकवणार तुम्ही मला? सहा तारा, सहा ओळी. आकडा असेल दांडीवरच्या त्या नंबरच्या घरात बोट दाबायचं. शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. बरोबर?"

"बरोबर. पण..."

"मग झालं तर!" म्हणत त्याने गिटार काखोटीला मारली आणि तो गावाच्या टोकाला असलेल्या आपल्या घरी गेला.

घरी त्याने कागद समोर उभा केला आणि गिटार पोटाशी धरली. अशी धरली की सगळ्यात जाड तार सगळ्यात वर येते. कागदावर सगळ्यात वर एक ओळ होती. वरची ओळ म्हणजे वरची तार, खालची ओळ म्हणजे खालची तार. याच्यात चुकण्यासारखं काय आहे? तुम्ही-आम्हीही असंच धरून चाललो असतो.

चाल बसेपर्यंत मास्तरांकडे जायचं नाही असं ठरवून सहदेव रोज सरावाला बसू लागला. बोटांची टोकं सोलली, मग त्यांना घट्टे पडले. आकडा चुकला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. चिकाटीला त्याच्या नाव ठेवायला जागा नव्हती. पण गिटारीतून जे निघत होतं ते ऐकून स्वयंपाकघरात त्याची बायको जानकी दचकायची. कुणी पत्र्यावर भांडी ओतावीत तसा तो आवाज.

शेवटी तिने विचारलंच, "अहो, ही चाल अशीच आहे का? मास्तरांना एकदा दाखवून या ना."

"दाखवायचं काय? आकडा न् आकडा बरोबर वाजतोय. तपासून बघ हवं तर."

आकडे खरंच बरोबर होते. म्हणून तर पुढचा घोटाळा झाला. आपली बोटं चुकत नाहीत याची सहदेवाला खात्री पटली. मग बेसूर कोण? कागद. आणि कागद कुणी लिहिला? मास्तरांनी. सहदेवाला एकदम चटका बसला. अरेरे! झटक्याने मास्तरांचा नुसता हात गेला नाही, डोकंही गेलं!

दुकानासमोरचं घर. मधे हातभर रस्ता. जाऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सहदेव गेला नाही. त्याने विचारलं नाही, उलट सांगितलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, आवाज खाली आणून, अगदी कळवळ्याने सांगितलं. "मास्तरांना सांभाळून घ्या हं. बिचाऱ्यांना आता सूर कळत नाही. काय लिहून दिलंय मला, ऐकवत नाही."

सहदेव काही शत्रू नव्हता. मित्रच सांगतोय म्हटल्यावर खोटं कोण मानणार? बोलणं गावभर झालं. एकेका घरातून मुलांना पाठवणं बंद झालं. चर्चच्या फादरनीही, मास्तरांना त्रास नको म्हणून, सणाची गाणी बसवायला दुसरा माणूस बोलावला. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. कुणी येत नसे. का येत नाही, तेही कुणी सांगत नसे. एक दिवस एका लहान मुलीने जाता जाता कुंपणावरून विचारलं, "मास्तर, तुम्हाला वेड लागलंय का?" तिची आई तिला ओढत घेऊन गेली.

चर्चचा सण आला. संध्याकाळी मांडवात गाणी-बजावणी व्हायची. सहदेवाने ठरवलं, आज मास्तरांची चाल वाजवायची. कशी का असेना, मित्राची शेवटची इच्छा आहे, पुरी करू. मास्तरांना धरून आणून मागच्या रांगेत बसवलं. सहदेव पुढे जाऊन बसला आणि म्हणाला, "ही आपल्या इनास मास्तरांनी बांधलेली चाल. सगळ्यांनी सांभाळून घ्यावं."

मास्तरांनी डोळे मिटले. किती दिवस ते या क्षणाची वाट बघत होते!

सहदेवाने वाजवायला सुरुवात केली. पोरांनी कानांवर हात ठेवले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी हसलंसुद्धा नाही, इतका तो आवाज भयंकर होता. सगळ्यांच्या माना हळूहळू मागे वळल्या. मास्तरांचे डोळे आता उघडे होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. डोक्यात इतके दिवस जी चाल घोळत होती, ती ही? इतकं सुरेख वाटत होतं ते हे? म्हणजे गाव म्हणतं ते खरंच आहे. आपल्याला वेड लागलंय आणि आपल्यालाच ते कळलेलं नाही.

ते काठी टेकत उठले आणि एकटेच घरी गेले. त्यांना हात द्यायला कुणी उठलं नाही. सगळे इतके हबकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवाला दिसलं की गिटारीची एक तार सैल पडली आहे. खुंटी ढिली झाली होती. गिटार मास्तरांना परत द्यायची तर नीट करून द्यावी, म्हणून तो कामाला बसला. घड्याळजीची सवय अशी की काम करायचं ते वस्तू पाठीवर निजवून, वरून वाकून. त्याने गिटार मांडीवर आडवी निजवली, तारा वरच्या बाजूला. पुढ्यात मेजावर तो कागद पडला होता. वाकून खुंटीकडे बघताना त्याची नजर गिटारीवरून कागदावर गेली, कागदावरून गिटारीवर आली.

जाड तार त्याच्या पोटाजवळ होती. बारीक तार सगळ्यात लांब होती. आणि कागदाची खालची ओळ पोटाजवळ होती, वरची सगळ्यात लांब.

हा कागद म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या माणसाला दिसणारी गिटार नव्हती. ती मांडीवर घेऊन बसलेल्याला, मान खाली घातल्यावर दिसणारी गिटार होती. वरची ओळ म्हणजे बारीक तार. खालची ओळ म्हणजे जाड. इतके दिवस त्याने पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं उलटं वाजवलं होतं.

त्याने तार जुळवली आणि कागदावरची सुरुवात तशी वाजवून पाहिली. हळूहळू, अडखळत. पण सूर आले. असे आले की जानकी पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ही मास्तरांची?" तिने विचारलं.

"हीच," सहदेव म्हणाला. "ही त्यांची. कालची माझी होती."

"मग इथे काय बसलाय? जा आधी!"

गिटार आणि कागद घेऊन तो अनवाणीच धावला. मास्तर मागच्या अंगणात बसले होते. शेजारी पाणी तापवायचा तांब्याचा बंब धगधगत होता. सहदेव त्यांच्या पायांशी बसला. त्याने थेट वाजवायलाच सुरुवात केली.

मास्तरांनी आधी मान फिरवली. मग ते थांबले. मग त्यांचा उजवा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागला. चाल संपली तेव्हा त्यांचे ओठ कापत होते.

"हीच रे. अगदी हीच. म्हणजे मला वेड लागलेलं नाही?"

"नाही, मास्तर! मी ओळी उलट्या वाचल्या. वरची ती जाड समजलो. आणि तुम्हाला विचारायचं सोडून गावभर सांगत सुटलो." सहदेव हमसून हमसून रडू लागला.

"अरे, एवढंच दाखवणार होतो मी तुला त्या दिवशी," मास्तर म्हणाले. ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. पण हसता हसता त्यांची नजर बंबाकडे गेली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

सहदेवानेही तिकडे पाहिलं. बंबाशेजारी पत्र्याची पेटी उघडी पडली होती. पेटी रिकामी होती.

"मास्तर, बाकीच्या चाली?"

मास्तर म्हणाले, "वेड्याचे कागद ठेवून काय करायचं, म्हटलं. पाणी तापवलं त्यांच्यावर."

सहदेवाने बंबाच्या जाळात हात घातला. हात भाजला, पण हाताला राखेशिवाय काही लागलं नाही. जन्मभराच्या चाली होत्या त्या. मास्तरांना त्या पाठ नव्हत्या. पाठ राहणार नाहीत म्हणूनच तर त्यांनी लिहून ठेवल्या होत्या.

त्याच दिवशी सहदेव भाजल्या हाताने घरोघर फिरला आणि आपल्या तोंडाने आपली चूक सांगून आला. मुलं पुन्हा येऊ लागली. मास्तर होते तोवर त्यांनी ती चाल रोज ऐकली. आज त्या गावात तिच्यावाचून लग्न लागत नाही. बाहेरगावचा पाहुणा ऐकतो, खूश होतो आणि म्हणतो, "वा! या मास्तरांची आणखी एखादी होऊ द्या." तेव्हा मांडवातले सगळे खाली बघतात.

सहदेवाच्या दुकानात आता कुणी घड्याळ घेऊन गेलं, तर तो झाकण लगेच उघडत नाही. घड्याळ बाजूला ठेवतो, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देतो आणि म्हणतो, "आधी तुम्ही सांगा."

तात्पर्य: दुसऱ्याचं लिहिणं-बोलणं आपल्याला बेसूर वाटलं, तर त्याला वेडा ठरवण्याआधी त्याच्याच जागी बसून ते वाचावं, आणि तरीही उमगलं नाही तर गावाला सांगण्याआधी त्याला विचारावं.