दलदलीतली हाक

पांघरुणात शिरा आणि ऐका. लांब हंगेरी नावाच्या देशात होता एक सुतार. बालिंट त्याचं नाव. तुमच्या पणज्याचा आजा तो, बरं का. घरात बायको झोफी, लहानगी पिरोश्का आणि पाठचा भाऊ मात्याश.

त्यांच्या गावाला लागून मोठी दलदल होती. त्या दलदलीत काहीतरी राहायचं. ते कुणाला कधी दिसलं नाही. ते नुसती हाक मारायचं, आपल्याच माणसाच्या आवाजात. जो ओ द्यायचा, तो परत यायचा नाही.

एकदा काय झालं, भर दुपारी दोघे भाऊ लव्हाळे कापत होते. तर मेलेल्या बापाचा आवाज आला, "मात्याश, जरा हात दे रे."

मात्याश बोलून गेला, "आलो." आणि चालत निघाला. बालिंटनं त्याचा दंड धरला, तर तो बर्फासारखा गार. हातातून निसटलाच. मग पाण्यावर नुसती टोपी राहिली.

बालिंटला घास जाईना. झोफीला म्हणाला, "इथं राहिलो तर एक दिवस आपणही ओ देऊ." मग त्यांनी घर सोडलं. आधी गाडीतून, मग बोटीतून, कितीतरी महिने. वाटलं, सुटलो. तर भर समुद्रात बोटीखालून मात्याशचा आवाज आला, "दादा, मला टाकून चाललास?"

बालिंटनं स्वतःचाच हात चावला. रक्त आलं, पण ओ दिली नाही. ते मागोमाग येतंय, हे मात्र त्याला कळलं.

मग बोट आपल्या कोकणात लागली. तिथं खाडीकाठी धाकू मेस्त्री होड्या बांधायचा. त्यानं बालिंटला रंधा मारताना बघितलं आणि म्हणाला, "राहा इथंच. तुझं नाव काही आमच्या तोंडात बसत नाही. आम्ही बाळू म्हणू."

पिरोश्का गावच्या पोरींत मिसळली, मराठी बोलायला लागली. हंगेरीत बापाला आपा म्हणतात. ती आता बाबा म्हणायची. बालिंटला ते टोचायचं. ऐकूनही तो ओ द्यायचा नाही.

दोन वर्षं गेली. एका दुपारी पिरोश्का खडकांवरची कालवं, म्हणजे शिंपल्या, काढायला गेली, ती येईना. बालिंट शोधत धावला. तर खाडीच्या मधोमध पाण्यातून तिचा आवाज, "आपा, मी बुडतेय. आपा, ओ दे ना."

तो गुडघाभर चिखलात शिरला. भरती चढत होती. त्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. हिनं आपल्याला आपा म्हणून शेवटची हाक कधी मारली? आवाज रडत होता, गयावया करत होता. आणि खरीच पोर असली तर? बालिंट ओठ दाबून उभा राहिला. पाणी कमरेला लागलं.

मग मागून, काठावरून, कुणीतरी म्हणालं, "बाबा, तिथं कशाला उतरलात? रुताल ना."

वळून बघतो तर पिरोश्का. काखेत कालवांची टोपली.

"ओ," बालिंट म्हणाला, बाबा या हाकेला पहिल्यांदाच. "आलो गं."

खाडीतला आवाज एकदाच कण्हला आणि बंद झाला. पुन्हा कुणी ऐकला नाही.

मग बाळू मेस्त्रीनं पुष्कळ होड्या बांधल्या. पिरोश्काचं लग्न झालं, लेकरं झाली, सगळे सुखानं नांदले. मिटा आता डोळे. दाराची कडी मी दोनदा बघून आलेय.